आधी कागद वाच, मग पत्र

प्रिय कुंदा,
सप्रेम नमस्कार.

पाकिटात घडी घातलेली एक फोटोची प्रिंट आहे. आधी ती उघड. चौथ्या ओळीत रामाच्या नावापुढचा शब्द अर्धा शिवणीत गेलाय. तो तुला काय दिसतो ते एका चिठ्ठीवर शाईने लिही, चिठ्ठी बाजूला ठेव, आणि मगच पुढे वाच. माझी शपथ आहे.

लिहिलंस? बरं. आठ महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. माझी साखर गोळीवर आहे, बाकी ठीक.

मॉरिशसची ती मंडळी आठवते ना, आपल्या घराण्यातला रामा हाच आपला मूळपुरुष असावा म्हणणारी? तिथे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत करारावर नेलेल्या मजुरांची जुनी दप्तरं आहेत, तिथून त्यांना नोंदीची नक्कल मिळाली आणि ती त्यांनी मला पाठवली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तिकडे शोध खालून वर न्यावा लागतो. नावावरून गेलं तर रामा शेकड्याने सापडतात. म्हणून आधी आजोबांचा दाखला, मग पणजोबांचा, असं करत तिथे जन्मलेल्या पहिल्या मुलापर्यंत जायचं. त्याच्या जन्मनोंदीत बापाच्या नावाशी स्थलांतरिताचा क्रमांक असतो. बंदरावर उतरल्यावर मिळालेला तो क्रमांक माणसाला मरेपर्यंत चिकटलेला, म्हणून तीच खरी किल्ली. एका मुलाच्या नोंदीत तो लिहायचा राहिला असेल तर भावंडांच्या नोंदी काढायच्या, नाहीतर बापाच्या मृत्यूची. ह्यांना तो तिसऱ्या मुलीच्या नोंदीत मिळाला.

त्यांचं आडनाव 'रामा' आहे. आडनाव कुणी विचारलंच नाही. माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं, मुलांच्या वेळी बापाचं नावच आडनाव झालं. म्हणजे आपल्या घराण्याचं आडनाव तिथे शोधणं व्यर्थ, हे मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

आता नोंद बघ. नाव रामा, बाप विठू, वय २२, जात 'माहराटा', गाव 'वारी', जिल्हा 'रटनाघेरी', मुंबईहून १८५६ साली. मी एकेक रकाना घेऊन बसले. जातीचा काही उपयोग नाही, मुंबईहून आलेल्या कितीतरी जणांपुढे हाच शब्द आहे. कुणबी, गुरव, कुणीही असेल. वय अंदाजाने लिहिलेलं, चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरायची. बापाचं नाव विठू, आणि आपल्या कागदात विठोजी. हे जुळतं, पण त्या काळात कुठल्या वाडीत विठू नव्हता?

खरं भांडण 'वारी'शी आहे. इंग्रज 'डी'ऐवजी 'आर' लिहीत, म्हणजे ती वाडी. पण कुठली? आपली वाडी की सावंतवाडी? सावंतवाडी निराळं संस्थान होतं, तेव्हा जिल्हा रत्नागिरी लिहिलाय म्हणजे ती नसावी, असं मन म्हणतं. पण तिकडच्या पोर्ट लुई बंदरातल्या कारकुनाला आपल्याकडच्या हद्दी कुठून माहीत असणार? तोंडी सांगितलेलं ऐकून त्याने लिहिलं. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा खाली वेंगुर्ल्यापर्यंत होता; सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. एवढ्या पट्ट्यात वाड्या किती, तूच मोज.

आणि आबांची गोष्ट! रामा सत्तावन्नच्या बंडात गेला आणि परत आला नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. हा रामा १८५६ मध्येच बोटीत बसला. दोन्ही खरं असू शकत नाही. आबांना हे साल मी अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही.

फोटोची आशा होती. १८६७ च्या कायद्याने तिथे कराराची मुदत संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट बाळगावं लागे, म्हणून आधी आलेल्यांचेही फोटो सापडतात. ह्याचा नाही. मुलीचा जन्म १८६५ चा आहे, त्यानंतर त्याच्या नावाने काही नाही. १८६६ ते ६८ तिथे हिवतापाने हजारो माणसं गेली. त्यातच गेला असेल का गं?

आपल्या बाजूला काय आहे? बोटखत, म्हणजे खोती गावातल्या जमिनीचं सरकारी दप्तर, नंतरचं, तेव्हा त्यात रामा नाही, फक्त भाऊ सोनू. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याहून उशिराच्या. कुणबी नोंदींच्या शोधात स्कॅन झालेली पानंही मी धुंडाळली, फळ नाही. नाशिकला उपाध्यायांच्या वहीत सोनूच्या नातवापासून सुरुवात आहे. त्याआधी खोती गावात कुळांची नावं सरकारात नव्हती, खोताच्या घरात होती; म्हणून शेवटी खोतांचा मोडी कुळवार कागद. त्याचाच फोटो तुझ्या हातात आहे.

तो शब्द 'मयत' असेल तर आपला रामा गावातच मेला आणि मॉरिशसची मंडळी दुसऱ्या कुणाची. 'परागंदा' असेल तर गाव सोडून गेला, आणि वाट मोकळी. मला शेवटी 'दा' दिसतं. पण कुंदा, मला 'दा' दिसायलाच हवंय, म्हणून माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. तुझ्या माहेरच्या वंशावळीत तू खात्री नसलेलं नाव शाईने लिहिलंस म्हणून मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नव्हते. आज आबा मला शाईने लिही म्हणतात आणि माझा हात शिवशिवतो.

धाकटा म्हणतो, डीएनए करा. पुरुषवंशाची तपासणी जुळली नाही तर 'नाही' म्हणता येईल, तेही मध्ये दत्तक नसेल तर. जुळली तरी सगळी भावकी एकाच मूळपुरुषाची, त्यातून रामाच तो, हे कसं ठरणार?

मॉरिशसच्या मंडळींतली मुलगी गणपतीला येते आहे, नवऱ्याला आणि आईला घेऊन. फोनवर तिने झाकरी म्हणून दाखवली, आपल्या जाखडीचीच चाल, आणि मला रडू आलं. कोकणचे आहेत ह्यात शंका नाही. पण देवघरापुढे उभं करून 'हे तुमचं घर' म्हणायचं, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या वाडीत खरा कागद सापडायचा, असं झालं तर मी तिला काय तोंड दाखवू? येतील तेव्हा जेवायला घालीन, पाहुणचारात कमी पडणार नाही. नातं मात्र कागद सांगेल तेवढंच सांगणार. आबा रागावतील, रागावू देत.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. लेकीची बदली झाली का? सविस्तर पुढच्या वेळी.

चिठ्ठी जशी लिहिलीस तशीच पाठव, माझं वाचून बदलू नकोस. खाडाखोड असेल तर खाडाखोडीसकट.

तुझी,
सुमा

ता. क. खोतांच्या सूनबाई शिवण उसवायला तयार आहेत. मीच नको म्हटलं, कागद हात लावला की तुटतो. तुलाही वाचता आलं नाही तर बाजूने बॅटरीचा उजेड टाकून पुन्हा फोटो काढीन. घासलेल्या शाईचा ओरखडा तिरप्या उजेडात उठून दिसतो.