गचकणे आणि मरण पावणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शालेय पुरवणीत दर आठवड्याला इंग्रजी वाक्प्रचारांची चौकट असते. गेल्या वेळी तीत ‘किक द बकेट’ होतं आणि पुढे अर्थ छापला होता : मरण पावणे. हाच अर्थ, याच दोन शब्दांत, मी नोकरीच्या तीस वर्षांत दरवर्षी फळ्यावर लिहून दिला. म्हणूनच आज पत्र लिहायला बसलो.

माझी एक विद्यार्थिनी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्या वॉर्डातले एक वृद्ध गृहस्थ पहाटे वारले. त्यांची मुलगी धावतपळत आली, तेव्हा हिनं हळू आवाजात, मनापासून वाईट वाटत असताना, तोच वाक्प्रचार वापरून बातमी सांगितली. ती बाई नुसती बघत राहिली. वरिष्ठ परिचारिकेनं हिला बाजूला नेऊन काय बोललीस ते समजावलं. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं. दोष दिला नाही. “सर, हे असं बोलत नाहीत, हे पुस्तकात का नव्हतं?” एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मराठीत ही चूक आपल्या हातून होणार नाही. माणूस वारतो, जातो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. आणि तोच माणूस गचकतो, खपतो, त्याचा कारभार आटोपतो. घटना एकच. पण सुतकातल्या घरी जाऊन “तुमचे वडील कधी गचकले?” असं कुणी विचारत नाही. कुठला शब्द वडीलधाऱ्यांपुढे आणि कुठला फक्त कट्ट्यावर, हे आई-आजीचं बोलणं ऐकत अंगात मुरतं. परक्या भाषेत अशी आजी नसते. तिचं काम कोशाला करावं लागतं. ‘किक द बकेट’पुढे ‘गचकणे’ एवढा एक शब्द लिहिला असता तरी त्या मुलीला सगळं कळलं असतं.

इंग्रजांकडे या कामाची परंपरा जुनी आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माजी सैनिकानं १७८५ साली लंडनमध्ये गावरान, बाजारी इंग्रजीचा कोश काढला. रात्रीअपरात्री नोकराला बरोबर घेऊन तो शहराच्या गल्ल्या आणि दारूचे गुत्ते फिरायचा, कानावर पडलेले शब्द टिपायचा, असं सांगतात. ‘किक द बकेट’ त्या कोशात आहे. म्हणजे हा वाक्प्रचार छापील कोशात आला तोच मुळी बाजारी म्हणून आला, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आपण तो शोकसभेत चालेल अशा कपड्यांत मुलांपुढे उभा करतो.

शिकणाऱ्यांसाठी कोश कसा असावा, हे ए. एस. हॉर्नबी या शिक्षकानं दाखवलं. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत असे. परकी मुलं नेमकी कुठे अडखळतात ते त्यानं वर्गात पाहिलं होतं. त्याचा कोश आधी १९४२ साली टोकियोत छापला गेला, मग १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. त्या परंपरेतल्या आजच्या कोशांत शब्दापुढे अनौपचारिक, जुनाट, शिवराळ, अपमानकारक अशा खुणा असतात. ब्रिटिश की अमेरिकन, तेही लिहिलेलं असतं. ‘पिस्ड’ म्हटलेला माणूस अमेरिकेत चिडलेला असतो आणि इंग्लंडमध्ये दारू प्यायलेला. ही खूण गाळली तर उरलेला अर्थ घातक ठरू शकतो.

मी देवळालीचा, म्हणून आणखी एक शब्द सांगतो. ब्रिटिश बोलीत ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द आमच्या गावाच्या नावावरून आला. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई इथल्या लष्करी छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. कधी कधी महिनोन्‌महिने. उकाडा, रिकामपण, आजारपण, त्यात काहींचा तोल जाई. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. माझ्या त्या विद्यार्थिनीनं हा शब्द वॉर्डात थट्टेत ऐकला, कोशात पाहिला, आणि देवळालीचं नाव वाचून रात्री मला फोन केला. पण तिनं तो स्वतः कधी वापरला नाही. खऱ्या मनोरुग्णाला तो लागेल, हे तिला त्या पहिल्या महिन्यानं शिकवलं होतं.

१९९९ साली सुरू झालेल्या ‘अर्बन डिक्शनरी’ या संकेतस्थळावर हल्लीची मुलं विसंबतात. तिथे कुणीही काहीही अर्थ लिहितो, त्यामुळे मला ते पसंत नाही. त्यापेक्षा जोनाथन ग्रीन या कोशकाराचा बाजारी इंग्रजीचा कोश पाहावा. २०१० मध्ये तो तीन जाडजूड खंडांत आला आणि २०१८ पासून इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला आहे. शब्द कुठल्या साली, कुणाच्या लिखाणात आला, ते तिथे दाखल्यांसह सापडतं. खेड्यातल्या शाळेतला शिक्षकही मोबाइलवर तो पाहू शकतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे गोव्याचा, कुडाळी, वऱ्हाडी असे संक्षेप आहेत. एवढी काळजी ज्यांनी मराठीसाठी घेतली, त्यांच्या भाषेतल्या मुलांना इंग्रजी शिकवताना आपण हात आखडता का घ्यावा?

तेव्हा विनंती अशी. चौकटीत दहाऐवजी चारच वाक्प्रचार द्या, पण प्रत्येक वाक्प्रचार कोण, कुणाशी, कुठल्या देशात बोलतो ते एका ओळीत लिहा आणि त्याच वजनाचा मराठी शब्द शोधून द्या. कुणी अजिबात बोलत नसेल, तर तसंही सांगा.

आणि मागच्या अंकाची दुरुस्ती त्याच जागी, त्याच मापात छापा. आमच्या भागातली मुलं ही चौकट कापून वहीत चिकटवतात. दुरुस्ती तेवढीच असली, तर जुन्या कात्रणावर बरोबर बसेल.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
देवळाली कॅम्प, जि. नाशिक