आई, तू लिहीत जा

मानहाइम, जर्मनी,
7 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपती नीट गेले ना? दादाने पाठवलेला आरतीचा व्हिडिओ नाइट ड्यूटीवरून येताना ट्राममध्ये तीनदा पाहिला. मी बरी आहे. वजन उतरलेलं नाही. आधीचे फोटो जाड कोटातले होते, म्हणून आता तशी वाटते. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, भाकरी थापते, पोटभर जेवते. आईला हे वाचून दाखवा म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

बाबा, त्या दिवशी फोनवर मी एक गोष्ट बोलून गेले आणि तुम्ही रात्रभर जागलात असं दादा म्हणाला. कोणी मला घालूनपाडून बोलत नाही. झालं एवढंच. शिफ्ट संपताना प्रत्येक पेशंटची नोंद लिहायची असते, जर्मनमध्ये. या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, पण चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. बी टू परीक्षा पास झाले तरी रात्री दमल्यावर लिंग चुकतं. एका सहकारी बाईंनी माझं वाक्य चुकीसकट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि दोघी हसल्या. इनचार्ज बाईंनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. पेशंटने किती पाणी घेतलं, पायाची सूज किती, हे सगळं मी बरोबर लिहिलं होतं. कामात माझी चूक नव्हती. एवढं तुम्ही मनाशी पक्कं धरा.

आणि इथले लोक असं फक्त परक्यांशीच वागतात असं समजू नका. ही माणसं एकमेकांनाही सोडत नाहीत. आमच्या जिन्यात कोणीतरी चिठ्ठी लावली, रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावू नका. दुसऱ्या दिवशी बघते तर तिच्यावर लाल पेनने दोन स्वल्पविराम घातलेले आणि एक अक्षर खोडून मोठं केलेलं. खाली सही नाही. तिसऱ्या दिवशी निळ्या पेनने कोणीतरी लिहिलं, दुसऱ्या स्वल्पविरामाची गरज नव्हती. मशीनबद्दल मात्र कोणी काही लिहिलं नाही. मला हे कळेचना, म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांनी मला अर्धा तास समजावलं. इथे प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, वाक्याच्या मध्ये आलं तरी. 'झी' हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला तर 'तुम्ही', छोट्या अक्षराने लिहिला तर 'ती' किंवा 'ते'. आपल्याकडचं अहोजाहो इथे एका अक्षराच्या उंचीवर आहे बघा. गौण वाक्याआधी स्वल्पविराम हवाच. 'दास' असा एक शब्द आहे, तो कधी एका 'स'चा, कधी दोन 'स'चा, उच्चार दोन्हीचा एकच. मोठमोठी शिकलेली माणसं तिथे चुकतात, आपल्याकडे 'की'ला 'कि' लिहितात तशी. नोकरीच्या अर्जात अशी चूक दिसली की माणूस निष्काळजी, असं इथले लोक धरूनच चालतात. त्या बाई म्हणाल्या, चिठ्ठी दुरुस्त करणाऱ्याला वाटतं आपण मदतच केली.

बाबा, वॉर्डात एक आजोबा होते, तुमच्यासारखेच निवृत्त शिक्षक. रोज पेपर यायचा आणि ते बॉलपेन मागायचे. बातम्या वाचताना चुकांना गोल करायचे. मला तुमची इतकी आठवण यायची की बीपी घेताना मुद्दाम दोन मिनिटं जास्त थांबायचे. ते म्हणायचे, मुलांचं शुद्धलेखन बुडालं. ते खोटं नाही. 2021 मध्ये इथल्या चौथीच्या मुलांची देशभर चाचणी झाली, तेव्हा सुमारे 30 टक्के मुलं शुद्धलेखनाच्या किमान पातळीलाही पोचली नव्हती. 2016 मध्ये ते प्रमाण 22 टक्के होतं.

पण एक दिवस त्यांचा नातू आला. त्याने वहीत जहाजवाहतुकीचा शब्द लिहिला होता, 'शिफफार्ट', जर्मन लिपीत त्यात लागोपाठ तीन 'फ'. आजोबांनी एक 'फ' खोडला. नातू म्हणाला, आजोबा, बाईंनी तीनच शिकवलेत. नातवाचंच बरोबर होतं! 1996 मध्ये इथे लेखनाचे नियम बदलले, आणि आजोबा अजून जुन्यानेच लिहितात. त्या बदलावरून केवढं रामायण झालं, ते तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. 1998 मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात लोकांनी चक्क सार्वमतात नवे नियम नाकारले, आणि पुढच्या वर्षी तिथल्या विधानसभेने तो निर्णय फिरवला. एक मोठं वृत्तपत्र 2000 साली पुन्हा जुन्या लेखनाकडे गेलं. शुद्धलेखनासाठी इथे एक परिषदच आहे, तिचं कार्यालय याच मानहाइममध्ये. दुकानाच्या पाटीवर मालकाच्या नावापुढे इंग्रजीसारखं वरचं टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, दिलं की लोक त्याला 'बावळटांचं टिंब' म्हणायचे. 2024 च्या नियमांत अशा नावांपुढे ते चालेल असं ठरलं. मग इतकी वर्षं बावळट कोणाला म्हणत होते?

बाबा, तुमच्या मास्तरांचं पत्र आठवा. तुम्ही ते प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलंय. आपल्या आजोबांना त्यांनी लिहिलं होतं, मुलाचं शाळेतलं 'नांव' काढू नका, 'कांहीं' अडचण असेल तर मला सांगा. त्या पत्रावर तुमचं सगळं आयुष्य उभं राहिलं, आमचंही. 1962 चे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम तुम्हीच आम्हाला पाठ करून घेतलेत. त्या नियमांनी 'नांव' आणि 'कांहीं' दोन्ही चुकीचे. आज दहावीच्या मुलाने तसं लिहिलं तर गुण जातील. तुम्ही त्या पत्रावर कधी लाल पेन चालवलंत का?

मी तुम्हाला शिकवत नाही. तुम्ही 'ण' कसा शिकलात ते मला माहीत आहे. आजी 'पानी'च म्हणायची, आणि तुम्ही हातावर वळ घेऊन 'पाणी' म्हणायला शिकलात. आपल्याकडे 'न' आणि 'ण'वरून लोक नुसतं शिक्षण बघत नाहीत, गाव बघतात, जातही हुडकतात. त्या लोकांत उभं राहायचं म्हणून तुम्ही चोख झालात. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडून 'शुश्रूषा' पन्नास वेळा लिहून घेतलंत, पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. ती शिस्त मला इथे रोज उपयोगी पडते. शिकवायला माझी हरकत नाहीच. पण माणूस तोलायला तेच माप लावू नका.

आता आईसाठी. बाबा, एवढा भाग तिला स्वतःला वाचू द्या.

आई, मी हॉस्टेलवर असताना तू मला एक पत्र पाठवलं होतंस. हिशेबाच्या वहीचं पान होतं. 'तुजी लइ आटवन येते. पानि गरम करुन पि.' मागच्या बाजूला त्या महिन्याचा दुधाचा हिशेब होता, सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं मांडून, खाडे वजा करून, एका रुपयाची चूक नाही. दिवाळीत घरी आले तेव्हा मी ते पत्र चुलतभावंडांसमोर मोठ्याने वाचलं. सगळे हसले. मीही हसले. तू स्वयंपाकघरात करंज्या तळत होतीस आणि बाहेर आली नाहीस. त्यानंतर तू मला एकही ओळ लिहिली नाहीस. मोबाइल आल्यावरही तू बोलूनच पाठवतेस, लिहून नाही. मला वाटायचं, तुला बोलणं सोपं जातं.

त्या दिवशी वॉर्डात माझं वाक्य वाचलं गेलं, तेव्हा मला ते पान आठवलं. आई, माझं चुकलं. हे फोनवर बोलायला मला होत नाही, म्हणून लिहिते.

आता कामाचं. या महिन्यात 45 हजार पाठवलेत. त्यातले 30 भाषेच्या कोर्सच्या कर्जात भरा, मार्चपर्यंत ते फिटेल. बाकीचे आईच्या गुडघ्याच्या तपासणीचे आहेत, ते खताबियाण्यात घालू नका. दिवाळीला येणं जमणार नाही. रजा ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना आधी मिळते, मी मागितलीही होती. एप्रिलमध्ये तीन आठवडे येते, नक्की.

पंढरपूरच्या स्थळाचं दादाने सांगितलं. बायोडाट्यात 'शिक्षन' आणि 'आर्शिवाद' लिहिलंय म्हणून तुम्ही नको म्हणालात. बाबा, बायोडाटा डीटीपीवाल्याने टाइप केलेला असेल. आपल्या गावातले निम्मे लग्नाचे बोर्ड 'आर्शिवाद'च म्हणतात. आणि समजा तिनेच लिहिला असेल, तरी काय? ती पतसंस्थेत हिशेब बघते, वडील आजारी असताना घर तिने चालवलं, हे दादाला बाहेरून कळलंय. दादा तुमच्यापुढे बोलणार नाही. त्याला ती पसंत आहे. एकदा घरी जाऊन भेटा, तिच्याशी बोला, मग काय ते ठरवा. पत्रिका छापायची वेळ आली तर प्रूफ तुम्हीच तपासा, मला व्हॉट्सॲपवर पाठवा, मीही बघेन.

माझ्या लग्नाचं पुढच्या वर्षावर ठेवा. इथे कोणी आहे म्हणून म्हणत नाही, असतं तर आधी तुम्हाला सांगितलं असतं. कर्ज फिटू दे, दादाचं होऊ दे. काकूंनी विचारलं तर एवढंच सांगा.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

आई, पाकिटावरचा पत्ता दादाला लिहायला सांग, आतलं पान मात्र तू लिही. जसं येईल तसं. काही सुचलं नाही तर नुसता दुधाचा हिशेब पाठव, गाय आता किती देते ते मला बघायचंय.

तुमची,
माई