दुसऱ्या वर्षाचे राग दोनदा का दिसत होते: माझ्या विद्यार्थ्याचे आभार

मिरज

चि. तबलजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"नाव नका घालू, बाई," असं तू फोनवर म्हणालास, म्हणून घालत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. माझ्यासारखे गाणं शिकवणारे आणि कॅसेटी जपून ठेवणारे लोक गावोगाव आहेत. कुणाच्या मुलाने, कुणाच्या भाच्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवून दिलेला असतो, आणि वर्षा-दोन वर्षांत एकेक गाणं दोनदा-तीनदा दिसायला लागतं. त्यांनाही हे वाचून काही सापडेल. शिवाय तू त्या मे महिन्यात जे केलंस ते किती तोलाचं होतं, हे चार लोकांना कळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तू आलास तेव्हा जेलीफिनमध्ये, म्हणजे घरच्या सर्व्हरवरची गाणी दाखवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ६,२१८ ट्रॅक दिसत होते. एवढं गाणं माझ्याकडे नाही, हे मला माहीत होतं. बुवांच्या खासगी बैठकांच्या ११२ कॅसेटी, वर्गातले पाठ, विकत घेतलेल्या सीडी आणि जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं थोडं, असं सगळं धरूनही माझ्या वहीतला आकडा चार हजारांच्या आत होता.

तू येण्याआधी मी काय करून बसले होते ते इथे सांगायलाच हवं, कारण तीच चूक आणखी कुणी करू नये. एक गाणं दोनदा दिसलं की त्यातलं एक पुसायचं, असं ठरवून मी संध्याकाळी बसले. अकरा ट्रॅक पुसले. बाराव्याला आले तेव्हा कळलं की एक पुसला की त्याचा जोडीदारही वाजत नाही. त्या अकरांमध्ये चार बुवांचे होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे तुला फोन केला, तर तू एवढंच म्हणालास, "सर्व्हर बंद करा, आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका." तुझ्या आवाजात घाई नव्हती, त्यामुळे मलाही धीर आला.

आल्या आल्या तू दुरुस्तीला हात घातला नाहीस. नवी डिस्क आणलीस आणि आधी सगळ्याची नक्कल केलीस. त्यात दीड दिवस गेला. मला तो वाया गेल्यासारखा वाटला होता. आता वाटत नाही.

मग तू मला प्रत्येक जोडीचा पत्ता बघायला शिकवलंस. ट्रॅकची मीडिया माहिती उघडली की फाइल नेमकी कुठे आहे तो पूर्ण मार्ग तिथे दिसतो. पहिल्याच जोडीत दोन मार्ग वेगळे दिसले, पण फाइल एकच निघाली. मुख्य संगीत फोल्डरमध्ये दुसऱ्या डिस्ककडे नेणारा एक दुवा, तुम्ही लोक ज्याला सिमलिंक म्हणता तो, कधीतरी करून ठेवलेला होता. आणि तीच डिस्क लायब्ररीत वेगळीही जोडलेली होती. घर एक आणि दारं दोन. पुढच्या दाराने सामान बाहेर काढलं की मागच्या दाराने गेलं तरी घर रिकामंच. माझे अकरा ट्रॅक असेच गेले होते. तू तो दुवा तेवढा काढलास, लायब्ररी पुन्हा स्कॅन केलीस, आणि १,४६० नोंदी एकही फाइल न पुसता नाहीशा झाल्या. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते: दोनदा दिसणारं गाणं डिस्कवर खरंच दोनदा आहे का, हे बघितल्याशिवाय पुसण्याच्या बटणाजवळ जाऊ नका. त्या बटणाने यादीतली नोंदच नव्हे, डिस्कवरची फाइलही जाते.

त्यानंतर आली ती गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही.

वर्गाचे फोल्डर वर्षांप्रमाणे लावलेले होते. 'पहिल्या वर्षाचे राग' एकदाच दिसत होता, 'चौथ्या वर्षाचे राग' एकदाच. 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' मात्र दोन-दोनदा. तेही एकाच डिस्कवर, एकाच जागी. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. तू बराच वेळ पडद्याकडे बघत बसलास, भडंगाची वाटी तशीच राहिली. मग म्हणालास, "बाई, ही चार नावं पाटीवर लिहा." मी लिहिली. तू खडू घेतलास आणि 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' यांतल्या ऱ भोवती गोल काढलास. पहिल्यात तो नाही, चौथ्यात नाही.

मराठीत आपण हे अक्षर रोज लिहितो. वारा असतो तेव्हा साधा र, वाऱ्यावर म्हटलं की हा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, हे तू मला समजावलंस. एक म्हणजे अखंड अक्षर, त्याचा क्रमांक ०९३१. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, क्रमांक ०९३०, आणि त्याच्या पाठोपाठ खालचा नुक्ता, क्रमांक ०९३सी. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. पण आपला सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स फाइलच्या नावातले आकडे बघतं, अक्षराचं रूप बघत नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मी गोंधळलेली बघून तू म्हणालास, "भूप आणि देसकार, बाई. कागदावर स्वर तेच पाच." त्यानंतर मला काही विचारावं लागलं नाही.

हे झालं कसं, तेही तू शोधून काढलंस. माझ्या थोरलीचा जुना मॅक होता, त्याची डिस्क एचएफएस प्लस या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीची. ती पद्धत नावं साठवताना अशी अक्षरं घटकांत सोडवून ठेवते. तिथून फाइली आल्या त्या सुट्या नुक्त्यासह आल्या. पुढे भाच्याने तेच फोल्डर विंडोजवरून पुन्हा टाकले, ते अखंड ऱ घेऊन. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर होतं. २०१७ पासून मॅकवर आलेल्या एपीएफएस पद्धतीत नाव जसं दिलं तसंच राहतं, पण आपल्या घरातला मॅक त्याच्या आधीचा.

तू सगळी नावं एका रूपात आणलीस. त्या रूपाला एनएफसी म्हणतात, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. आधी दोन्ही फोल्डरांतल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्यास आणि मगच एक फोल्डर हलवलास. ३१२ नोंदी तिथे कमी झाल्या. पण 'कऱ्हाडची बैठक' तरीही दोनदाच दिसत राहिली. आणखी एक तास. मग कळलं की जुन्या टायपिंगमध्ये हा अर्धा र तिसऱ्याच तऱ्हेने लिहीत: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. एनएफसी त्याला हात लावत नाही. तो वेगळा शोधून वेगळा बदलावा लागतो. तू फाइलींची नावं बदललीस, आणि टॅगमधली, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या माहितीतली, गायकांची, अल्बमांची नावंही त्याच चाळणीतून काढलीस. ज्यांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत, त्या सगळ्यांनी आपली लायब्ररी या एका अक्षरासाठी तरी तपासावी.

दोन्ही फाइली फ्लॅक, म्हणजे ध्वनीतलं काही न गाळता साठवणाऱ्या, अशा जोड्यांचं काम त्यामानाने सरळ गेलं. फ्लॅक फाइलच्या पोटात मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या ध्वनीवरून काढलेला ओळखीचा आकडा, आधीच लिहिलेला असतो. त्यामुळे टॅग बदललेले असले आणि अख्ख्या फाइलींचे ठसे जुळत नसले, तरी आतलं गाणं तेच आहे का ते कळतं. एवढं सांगून पुढे जाते.

खरी कसोटी बैठकांची होती. तू गाणी ओळखून त्यांची माहिती लावणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आणि त्याच्यामागचा, ध्वनीवरून ओळख पटवणारा क्रोमाप्रिंट लावलास. तो गाण्याच्या सुरुवातीच्या भागाचा, साधारण पहिल्या दोन मिनिटांचा, ध्वनिठसा घेतो. चित्रपटगीताला ते पुरतं. आपल्या ख्यालात दोन मिनिटांत बुवांचा षड्ज लागून आलापाला जेमतेम सुरुवात झालेली असते. एका जोडीचे ठसे अगदी जुळले, आणि यंत्राच्या हिशेबाने त्यातली एक फाइल जायला हरकत नव्हती. तू लांबी बघितलीस: एक ३० मिनिटांची, दुसरी ४१ मिनिटांची. पहिली साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतलेली, बाजू संपली तिथे तान अर्ध्यात तुटलेली. दुसरी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरची, पूर्ण. ठशावर विसंबून लहान-मोठं न बघता एक काढली असती, तर कोणती राहिली असती हे केवळ नशीब.

उलटंही घडलं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, १९३७ मध्ये गेले, ज्यांची मजार आपल्या मिरासाहेब दर्ग्यात आहे, त्यांच्या एका ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेल्या दोन प्रती माझ्याकडे आहेत. एक ३ मिनिटं १२ सेकंदांची, दुसरी ३ मिनिटं १ सेकंदाची. यंत्राने त्यांना दोन वेगळी गाणी ठरवलं. मी दोन्ही ऐकल्या आणि म्हटलं, गाणं एकच आहे, तेच श्वास, तीच हरकत, फक्त एक अर्ध्या स्वराने वर आहे. तू लगेच हिशेब मांडलास: वेग सुमारे सहा टक्के जास्त, म्हणजे सूर अर्धा स्वर वर आणि लांबी अकरा सेकंदांनी कमी. दोन आकडे एकमेकांना जुळले तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. मला फार आनंद झाला, कारण त्या दिवशी माझ्या कानाला तू पुरावा मानलंस.

आणि याच्याचसाठी मुख्यतः हे पत्र आहे. 'यमन, विलंबित एकताल' या एकाच नावाचे बुवांचे सात ट्रॅक होते. नाव तेच, गायक तेच, बंदिशही तीच. दुसरा कुणी असता तर नावावरून सहा काढून टाकून, जागा वाचली असं सांगून गेला असता. तू तीन संध्याकाळी माझ्याशेजारी बसून सातही ऐकलेस. ठेका कोण धरतंय, तानपुऱ्याचा पंचम आहे की निषाद, गंधार कितीदा वेगळ्या वाटेने येतो, यावरून आपण ते वेगळे केले. सातपैकी सहा बैठका वेगळ्या निघाल्या. आता प्रत्येकाच्या शीर्षकात गाव आणि साल आहे, अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात सगळीकडे एकच नाव आहे, आणि पं. लावलेले बुवा आणि न लावलेले बुवा असे दोन कलाकार आता दिसत नाहीत. मुलींच्या रियाजाच्या याद्या मार्ग बदलल्यामुळे तुटल्या होत्या, त्याही तू एकेक करून पुन्हा जोडल्यास. मी तसं सांगितलंही नव्हतं.

पुसलेल्या अकरापैकी सात ट्रॅक भाच्याच्या जुन्या पोर्टेबल डिस्कवर मिळाले. बुवांचे चार मिळाले नाहीत, तेव्हा तू कॅसेट प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसलंस आणि त्या कॅसेटी पुन्हा चालवून उतरवल्यास. आता जेलीफिनमध्ये ट्रॅक दिसतात ३,९१८. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

अजूनही तू काही पुसलेलं नाहीस. काढलेलं सगळं 'बाजूला' नावाच्या फोल्डरमध्ये आहे, आत डॉट इग्नोर नावाची रिकामी फाइल आहे म्हणून जेलीफिन तिकडे बघत नाही. त्यात नऊ जोड्या ठेवून तू नोकरीसाठी पुण्याला गेलास आणि वर चिठ्ठी लावलीस: 'बाईंनी ऐकून सांगायचं'.

ऐकल्या. पहिल्या पाच जोड्या खरोखर एकच आहेत, लांब असेल ती ठेव. सहावीत एक प्रत उतरवताना टेप ओढली गेली आहे, दुसरी ठेव. सातवीत समेच्या जरा आधी स्टेशनातून गाडीची शिट्टी येते, बुवा क्षणभर थांबतात आणि शिट्टी सरली की त्याच निषादावर परत येतात. जोडीदारात शिट्टी नाही, थांबणंही नाही. त्या दोन वेगळ्या रात्री आहेत, दोन्ही ठेव. आठवीचंही तसंच, दोन्ही ठेव. नववी मला तीनदा ऐकूनही ठरवता आलेली नाही. दिवाळीत येशील तेव्हा दोघं मिळून ऐकू. येताना तुझा डग्गा घेऊन ये, इथला उतरला आहे.

तुझी,
बाई