पूरपातळीच्या शिळ्या सूचना मोबाइलवरून हटायला हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगली भागातील लोकांचे लक्ष दोन आकड्यांकडे लागलेले असते. एक पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचा आणि दुसरा कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट. गोठ्यातली जनावरे कधी सोडायची, तळघरातले सामान कधी वर चढवायचे, घरातल्या वृद्धांना नातेवाइकांकडे कधी पोहोचवायचे, हे सारे या आकड्यांवर ठरते. अशा वेळी बातम्यांच्या अनेक ॲपवरून येणाऱ्या पातळीच्या सूचना मोबाइलच्या पडद्यावर एकाखाली एक साचत जातात आणि पुष्कळ सूचनांमध्ये पातळी नेमकी किती वाजता मोजली याचा उल्लेखच नसतो. नवी सूचना आली की त्याच विषयाची जुनी सूचना आपोआप निघून जावी, एवढी साधी गोष्ट वृत्तपत्रांनी आपल्या ॲपमध्ये करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोबाइल बंद पडला किंवा नेटवर्क गेले की ही अडचण धोकादायक होते, आणि पुरात वीज व नेटवर्क जाणे ही नित्याची बाब आहे. पाठवलेली सूचना थेट आपल्या मोबाइलवर येत नाही. ती आधी गूगलच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरवर जाते आणि मोबाइल संपर्कात नसेल तर तिथे थांबून राहू शकते. गूगलच्या सेवेत पाठवणाऱ्याने मुदत घातली नाही, तर सूचना चार आठवड्यांपर्यंत राखून ठेवली जाते. त्यामुळे रात्रभर बंद असलेला मोबाइल सकाळी सुरू झाला की आदल्या दिवसाची ‘पातळी ३८ फूट, स्थिर’ ही सूचनाही ताज्या सूचनेसारखीच वाजत येते. ती वाचून निर्धास्त झालेल्या माणसाला दोष कसा देणार? त्याच्या हातात पडलेली माहिती त्याच्या दृष्टीने आत्ताचीच असते.

मी मोबाइल ॲप तयार करण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो की यावरचा उपाय नवा नाही आणि महागडाही नाही. गूगलच्या सेवेत ‘कोलॅप्स की’ नावाची खूण आहे. दोन सूचनांना ती एकच दिली, तर मोबाइल संपर्कात नसताना सर्व्हरवर साठलेल्यांपैकी फक्त शेवटची पुढे जाते. मात्र अनेक ठिकाणी एवढ्यावरच काम थांबते. पडद्यावर आधीच उतरलेली सूचना या खुणेने बदलत नाही. अँड्रॉइडवर त्यासाठी प्रत्येक विषयाला ठरावीक ‘टॅग’ द्यावा लागतो, म्हणजे त्याच टॅगची नवी सूचना जुनीच्या जागी बसते. ॲपलच्या सेवेत ६४ बाइटपर्यंतची ‘कोलॅप्स आयडी’ असते आणि तिने पडद्यावरची सूचनाही बदलता येते. दोन्ही सेवांमध्ये सूचनेची मुदत ठरवण्याची सोय आहे. पाणीपातळीची सूचना पुढच्या मोजणीपर्यंतच उपयोगाची असेल, तर तिची मुदतही तेवढीच असायला हवी.

मात्र जुन्याच्या जागी नवे येताना दोन बाबी सांभाळाव्या लागतील. पहिली आवाजाची. पातळी दोन इंचांनी वाढली तर आकडा गुपचूप बदलला तरी चालेल. पण इशारा किंवा धोका पातळी ओलांडली तर मोबाइल वाजलाच पाहिजे, अन्यथा महत्त्वाचा बदल कोणाच्या लक्षातच येणार नाही. दुसरी बाब चुकीच्या सूचनेची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. चुकीची सूचना गेली असेल तर ती नव्या सूचनेखाली हळूच झाकून टाकणे योग्य नाही. तिच्या जागी ‘दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहिलेली सूचना आली पाहिजे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा चुकीचा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश त्याच मार्गाने पोहोचायला ३८ मिनिटे लागली. इशारा मागे घेण्याची पद्धत आधीच ठरलेली नसेल, तर ऐनवेळी काय होते हे तेथील लोकांनी अनुभवले आहे.

सरकारी इशाऱ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’मध्ये हा विचार मुळातच आहे. त्यात इशारा नवा आहे, आधीच्या इशाऱ्यातला बदल आहे की तो रद्द केला आहे, हे नोंदवता येते. आधीचा कोणता इशारा बदलला आणि त्याची मुदत केव्हा संपते, यांसाठीही जागा आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा याच प्रोटोकॉलवर उभी आहे. पण मूळ इशाऱ्यात असलेली ही माहिती वृत्तपत्राच्या ॲपने आपली सूचना तयार करताना गाळून टाकली, तर वाचकापर्यंत फक्त एक सुटे वाक्य पोहोचते.

आपल्या दैनिकाच्या ॲपमध्ये पाणीपातळी, धरणांचा विसर्ग, बंद झालेले रस्ते आणि शाळांच्या सुट्ट्या यांना स्वतंत्र टॅग द्यावेत. विसर्गाचा टॅग धरणागणिक वेगळा ठेवावा, नाहीतर राधानगरीची सूचना कोयनेच्या सूचनेला पुसून टाकील. प्रत्येक सूचनेच्या मजकुरातच मोजणीची तारीख आणि वेळ छापावी, कारण सूचनेचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरू लागले की ते मागे घेण्याचा कोणताही उपाय आपल्या हातात राहत नाही. मे महिन्यातच एक चाचणीही घ्यावी: काही मोबाइल विमान मोडवर ठेवून राजाराम बंधाऱ्याच्या पातळीच्या तीन सूचना थोड्या थोड्या अंतराने पाठवाव्यात, मग नेटवर्क सुरू करावे आणि पडद्यावर फक्त शेवटची सूचना दिसते का, ते पाहावे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, सांगली