बाटली मुलांच्या हाती दिलीत, म्हणून

आदरणीय काकू,

शाळेचं रीतसर आभारपत्र तुम्हाला मिळालंच असेल. हे पत्र माझं, पाचवीच्या वर्गशिक्षिकेचं. इतरांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माळ्यावरची ती चिनी मातीची तपकिरी बाटली तुम्ही कपाटात मांडून ठेवायला दिली असतीत, तरी आम्ही आभारच मानले असते. पण तुम्ही ती थेट मुलांच्या हातात दिलीत आणि ती कसली आहे हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मला त्याचंच मोल वाटतं.

मुलांनी गळ्यातून बोट घातलं, तर आत वळ्या लागल्या. म्हणजे ही चाकावर घडवलेली! तोंडाला ओतण्यासाठी छोटी चोच. बुडाजवळ पुसट ठसा होता. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तशी अक्षरं उमटत गेली : बोर्न, डेन्बी, आर्नोल्ड, लंडन. नकाशात डेन्बी सापडलं, इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये. तिथला बोर्न घराण्याचा मातीकामाचा कारखाना १८०९ सालचा. आर्नोल्ड हे शाई बनवणारे. म्हणजे ही शाईची बाटली, हिच्यातून लहान दौती भरायच्या. खूप जास्त तापमानाला भाजलेली माती काचेसारखी घट्ट होते, शाई झिरपत नाही, हे तुम्ही नंतर किती सोपं करून सांगितलंत.

मग एका मुलीने विचारलं, "एवढी शाई लागायची कुणाला?" त्या प्रश्नाने आम्हाला शाळेच्या जुन्या नोंदवहीपर्यंत नेलं. तिथली अक्षरं तपकिरी झालेली. लोहाच्या क्षारांची शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते, हे कळल्यावर मुलं त्या पानांकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. कुणाचे पणजोबा त्यात सापडले, कुणाच्या घराण्याचा व्यवसाय सापडला. इतिहासाच्या तासाला अशी कुजबुज मी कधी ऐकली नव्हती.

बाटली जपून परत आणून देऊच. पण मुलांचा एक प्रश्न अजून बाकी आहे, तुमच्या घरी एवढं लिहायचं कोण? ते विचारायला ती येणार आहेत. दुपार मोकळी ठेवाल ना?

तुमची कृतज्ञ,
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी