कोड राहू द्या, नाव छापा

महोदय,

शहराचं नाव बदललं की विमानतळाचा तीन अक्षरी कोडही बदला, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. मुंबईचा बीओएम आणि चेन्नईचा एमएए हे बॉम्बे-मद्रासच्या काळापासूनचे. तिकिटं, सामान, वेळापत्रकं जगभर याच अक्षरांवर चालतात, म्हणून 'आयाटा' ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ती सहसा बदलत नाही.

अडचण होते ती साध्या प्रवाशाची. परवा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पुण्याच्या विमानाने निघालेल्या एक आजी बॅगेच्या पट्टीवरचं 'पीएनक्यू' बोटाने चाचपत काउंटरवरच्या मुलीला विचारत होत्या, "बाई, बॅग भलतीकडे तर नाही ना जाणार?" त्यांचं काय चुकलं? पुण्यात क्यू आहेच कुठे? छत्रपती संभाजीनगरच्या 'आयएक्सयू'त तर ना जुनं नाव सापडत, ना नवं. आपल्या नागपूरचंच बघा ना: विमानतळ एनएजी, रेल्वे स्टेशन एनजीपी आणि वैमानिकांच्या कागदांवर व्हीएएनपी!

कोड आहेत तसेच असू द्या. पट्टीवर त्याखाली शहराचं नाव देवनागरीत ठळक छापा. त्याला कितीशी शाई लागते?

– एक वाचक, नागपूर