इनुइटांच्या चरबीचा दाखला अर्धवट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘एस्किमो जन्मभर चरबी खातात आणि त्यांना हृदयविकार होत नाही, मग आपण तुपाला का घाबरायचे?’ असा प्रश्न विचारला आहे. कोकणातील एका रुग्णालयात मी सव्वीस वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम केले. हा दाखला मी इतक्या रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे की, त्याबद्दल सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या लोकांच्या अन्नाविषयी मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच त्यातला सोयीचा तेवढा तुकडा उचललेला पाहून वाईट वाटते.

आधी नावाबद्दल. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातील हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, तर अलास्कात इनुपियाट आणि युपिक ही नावे आहेत. ‘एस्किमो’ हा शब्द त्यांच्यापैकी अनेकांना अवमानकारक वाटतो, तेव्हा वृत्तपत्राने तो टाळावा. त्यांच्या किनाऱ्यावर धान्य पिकत नाही. सील, वॉलरस आणि बेलुगा, नार्व्हाल, बोहेड या जातींचे देवमासे हे सागरी सस्तन प्राणी हाच त्यांच्या परंपरागत जेवणाचा मोठा आधार आहे. या प्राण्यांच्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि बोहेडमध्ये तो दीड फुटापर्यंत जाड भरतो.

ही चरबी आणि आपले तूप यांची तुलना मुळातच चुकते. तुपात संतृप्त स्निग्धाम्ले जास्त असल्यामुळे थंडीत ते बरणीत थिजते. सीलच्या चरबीच्या पट्ट्या कापून भांड्यात ठेवल्या, तर काही दिवसांत चुलीवर न चढवताही त्यांचे तेल सुटते आणि ते गारठ्यातही पातळ राहते. वाळवलेल्या माशाचा तुकडा त्यात बुडवून खायचा, ही तिकडची रोजची रीत आहे. या तेलात असंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात, शिवाय ईपीए, डीपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लेही असतात. ती मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होतात आणि माशांमार्फत सीलच्या अंगात साठतात. गवत खाणाऱ्या म्हशीच्या दुधातून ती अशी मिळणे शक्य नाही.

ऊर्जेचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. धान्य नसेल तर उरतात प्रथिने आणि चरबी, पण माणसाचे यकृत प्रथिनांपासून अमर्याद ऊर्जा काढू शकत नाही. आर्क्टिकमध्ये अनेक वर्षे राहिलेले संशोधक विल्यालमुर स्टेफानसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहार घेण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला त्यांना चरबी काढून टाकलेले मांस दिले, तेव्हा थोड्याच दिवसांत ते मळमळ आणि जुलाबांनी बेजार झाले आणि चरबी पुन्हा सुरू करताच सावरले. अशा आहारात चरबी हेच मुख्य इंधन असते, आपल्याकडे जी जागा भाताची किंवा भाकरीची आहे ती तिकडे तिची आहे. लेखात भात-भाकरी तशीच ठेवून वर तूप वाढवायला सांगितले आहे, ही निराळीच गोष्ट झाली.

भाजीपाल्याशिवाय या लोकांना स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, का होत नाही, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून पडत असे. त्याच्या उत्तराचा एक भाग मुक्तुक या पदार्थात आहे. मुक्तुक म्हणजे देवमाशाची कातडी आणि तिला लागून असलेली चरबी, चौकोनी तुकडे करून बहुधा कच्चीच खाल्लेली. नार्व्हालच्या कच्च्या मुक्तुकमध्ये दर १०० ग्रॅममागे साधारण ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आढळते आणि स्कर्व्ही टाळण्यासाठी दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम पुरते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते असते कातडीत, चरबीत नव्हे. उकळले की त्यातले बरेचसे जाते. चरबीतून आणि यकृतातून ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे मिळतात. जिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, तिथे अन्नातले ‘ड’ किती मोलाचे असेल! कातडी, चरबी, यकृत आणि मांस मिळून तो आहार पुरा होतो, त्यातली एकटी चरबी वेगळी काढून गुण गाण्यात अर्थ नाही.

आता हृदयविकाराच्या दाव्याविषयी. डॅनिश संशोधक बांग आणि डायरबर्ग यांनी १९७० च्या दशकात ग्रीनलंडच्या उम्मन्नाक भागातील इनुइटांचे रक्त तपासले आणि त्यातील स्निग्ध घटक डेन्मार्कमधील लोकांपेक्षा वेगळे असल्याचे दाखवले. हे काम मोलाचे होते आणि ओमेगा-३ वरील पुढचे पुष्कळ संशोधन त्यातूनच उभे राहिले. मात्र त्यांनी त्या लोकांच्या हृदयाची तपासणी केली नव्हती. हृदयविकार कमी असल्याची माहिती त्यांनी आरोग्य खात्याच्या नोंदींवरून घेतली होती आणि विरळ, दुर्गम वस्तीतल्या त्या नोंदी अपुऱ्या होत्या. २०१४ मध्ये कॅनडातील जॉर्ज फोडोर आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा इनुइटांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांइतकेच आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू अधिक असल्याचे दिसले. पुढे २०१५ मध्ये ग्रीनलंडमधील इनुइटांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि स्निग्धाम्लांच्या चयापचयाशी संबंधित जनुकांत या आहाराला जुळणारे बदल आढळले. हजारो वर्षांत त्यांच्या शरीरात झालेला बदल आपल्या शरीरात गृहीत धरता येत नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, ती गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. १९८० च्या दशकात कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील संशोधकांना आईच्या दुधातील प्रदूषकांची तुलना करायची होती. त्यासाठी कारखान्यांपासून दूर असलेला स्वच्छ नमुना हवा म्हणून त्यांनी त्याच प्रांताच्या उत्तरेकडील नुनाविक भागातील इनुइट मातांचे दूध घेतले. त्यात पीसीबी ही कारखान्यांतून वापरली गेलेली विषारी रसायने दक्षिण क्यूबेकमधील मातांच्या सुमारे पाचपट निघाली. ही रसायने आणि डीडीटीसारखी कीटकनाशके उष्ण प्रदेशात वाफ होऊन हवेत जातात, थंड प्रदेशात खाली बसतात आणि एका प्राण्याच्या चरबीतून दुसऱ्याच्या चरबीत साठत जातात. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांसमोर नेला. अशा टिकाऊ विषारी रसायनांवर बंधने घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील मूलनिवासींच्या परंपरागत अन्नाच्या दूषिततेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या करारात आपला देश २००६ मध्ये सामील झाला, आणि मलेरिया निर्मूलनासाठी डीडीटीचे उत्पादन आपल्याकडे त्यानंतरही चालूच राहिले. ज्यांनी ही विषे ना बनवली ना फवारली, त्यांच्या ताटात ती गेली. पारा मात्र चरबीत न साठता प्रथिनांना चिकटतो, म्हणजे मांसात आणि त्याहून जास्त यकृतात जातो. म्हणूनच उत्तर कॅनडातील नुनावुत प्रदेशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २०१२ मध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना रिंग्ड सीलचे यकृत टाळायला सांगितले, पण सीलचे मांस खात राहा, असाही सल्ला दिला. तिथल्या दुकानांत बाहेरून येणारे अन्न महाग आणि गोडधोड जास्त असते, त्यामुळे परंपरागत अन्न सुटले तर पोषणाचे नुकसानच होते, हे त्यांना ठाऊक आहे.

अलास्कातील कोट्झेब्यू गावच्या वृद्धाश्रमात सीलचे तेल वाढायला नियमाने मनाई होती. ते नीट साठवले नाही तर त्यात बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, म्हणजे मनाईला कारण होते. परंतु जन्मभर ज्या तेलात मासा बुडवून खाल्ला, ते तेल म्हाताऱ्यांच्या ताटातून गेले होते. अखेर तेल ठरावीक पद्धतीने तापवून विष नाहीसे करण्याची प्रक्रिया बसवण्यात आली आणि २०२१ मध्ये ते वाढण्याची परवानगी मिळाली.

हे वाचताना मला आमच्या वॉर्डातली एक वृद्ध कोळीण आठवली. आमच्या स्वयंपाकघरातला दलिया ती तीन दिवस परत पाठवत होती. चौथ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी तिच्या लेकीला घरून पेज आणि भाजलेल्या बांगड्याचा लहानसा तुकडा आणायला सांगितला. म्हातारीने बोटाने काटे चाचपून बाजूला काढले, पेज संपवली आणि वाटी माझ्यासमोर उपडी करून दाखवली.

संपादक महोदय, ओमेगा-३ साठी आपल्या वाचकांना सीलच्या तेलाच्या महागड्या गोळ्यांची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बांगड्यात आणि तारलीत ते चांगल्या प्रमाणात असते आणि तारली तर आजही गरिबाला परवडणारी मासळी आहे. पुरवणीच्या पुढील अंकात तुपाविषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती छापावी आणि जागा उरल्यास तारलीवर चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ, रत्नागिरी